चौथा क्रमांक : नेव्हिल डिसोझा आणि मेलबर्नचे तीन गोल



आगमनकाळ तोंडावर आला आहे. तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, पहाटे गारठा पडतो आहे, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुले शाली गुंडाळून येऊ लागली आहेत. दरवर्षी या दिवसांत आम्ही एखाद्या संताची गोष्ट लिहितो. यंदा मात्र एका फुटबॉल खेळाडूची गोष्ट लिहायची आहे. फुटबॉलचा आणि भक्तीचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

झाले असे. आमच्या वर्गातला आठवीचा एक मुलगा दोन रविवार आलाच नाही. घरी चौकशी केली तेव्हा कळले की शाळेच्या खेळांत तो होबळी पातळीवर पळण्याच्या शर्यतीत पहिला आला होता आणि तालुक्याला चौथा. निवड झालेली मुले बिदरला गेली, हा मागे राहिला. गावभर सांगून ठेवले होते, आता तोंड कसे दाखवायचे, म्हणून घरात बसला. तिसऱ्या रविवारी आईने हाताला धरून आणले. मागच्या ओळीत मान खाली घालून बसला.

त्या दिवशी मुलांची कुजबुज इंग्लंडच्या फुटबॉलवर चालली होती. कोणता खेळाडू आठवड्याला किती कोटी घेतो, कोणाच्या पायाचा विमा उतरवला आहे, सगळे त्यांना पाठ. आम्ही विचारले, "बाळांनो, आपल्यासारख्याच नावाचा, मिस्साला जाणाऱ्या घरातला एक मुलगा ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला आणि एका सामन्यात त्याने तीन गोल केले. नाव सांगा." कोणालाच सांगता आले नाही. मग आम्ही नाव सांगितले, आणि त्या स्पर्धेत भारत चौथा आला हेही सांगितले. तेव्हा मागच्या ओळीतून आवाज आला, "मास्तर, चौथा आला तर काय भेटलं मग त्यायला?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर.

बार्देशचा मुलगा

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, आसगाव येथे झाला. संत कायतान यांच्या नावाने असलेले चर्च या गावात आहे. जवळच शिवोली. विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी १८८३ साली शिवोलीत मुलांना फुटबॉल खेळायला लावले आणि तिथून हा खेळ गोव्यात पसरला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. म्हणजे गोव्यात हा चेंडू एका धर्मगुरूने आणला. पुढे गावोगावी चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत, भात कापलेल्या शेतांत, सायंकाळच्या देवदूताच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मुले खेळत राहिली.

गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. पोटासाठी गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला येत. धोबीतलावच्या बाजूला त्यांच्या गावांच्या नावाने चालणाऱ्या खोल्या असत. त्यांना ते 'कूड' म्हणत. एका खोलीत कितीतरी माणसांच्या पेट्या, भिंतीवर गावच्या संताची तसबीर आणि रात्री सर्वांनी मिळून जपमाळ. कामाच्या शोधात हैदराबादला जाऊन एका खोलीत दहा-बारा जण राहणारी आपल्या औरादची माणसे आठवली की हे चित्र समजायला वेळ लागत नाही.

नेव्हिल डिसोझा यांचे फुटबॉल मुंबईत बहरले. ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. कूपरेजचे मैदान ही त्या काळच्या मुंबईच्या फुटबॉलची पंढरी. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा तिथे रंगत असे.

इथे मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज आपण व्यावसायिक खेळाडू म्हणतो तसे कोणी तेव्हा आपल्या देशात नव्हते. कोणी पोलिसांत, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी कंपनीत नोकरीला. पगार नोकरीचा, खेळ त्या नोकरीच्या आधाराने चाले. शिवाय ऑलिंपिकचा तेव्हाचा नियमच असा होता की खेळावर पोट भरणाऱ्याला तिथे प्रवेश नाही.

एका महिन्यात दोन गोष्टी

आता १९५६ साल. हे साल औरादच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि निजामाच्या काळापासून चालत आलेल्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आपला जुना बिदर जिल्हाही वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण हे बिदरसह म्हैसूर राज्यात. आपली जुनी माणसे म्हणत, आम्ही जागचे हललो नाही, राज्यच आमच्या अंगावरून सरकले. पाव्हणे-रावळे सीमेच्या पलीकडे राहिले, घरात मराठी आणि कचेरीत कन्नड असा संसार सुरू झाला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ऑलिंपिक सुरू झाले. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. व्यवसायाने शिक्षक. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला होता. म्हणजे ज्या राज्याचे आपण महिनाभरापूर्वीपर्यंत रहिवासी होतो, त्या राज्याचा एक शिक्षक भारताचा संघ घेऊन मेलबर्नला गेला होता. संघाचे कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. संघात हैदराबादचे मुसलमान खेळाडू, सिकंदराबादचे तुलसीदास बलराम, आणि मधल्या फळीच्या पुढे गोल करण्याच्या जागेवर आसगावचे नेव्हिल डिसोझा. त्यांचे स्वतःचे जन्मगाव अजून परक्या राजवटीत होते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. तरी अंगावर भारताचा सदरा घालताना त्यांनी कोणाला दाखला मागितला नाही आणि कोणी त्यांना विचारला नाही.

मैदानावर चेंडू कोणाला द्यायचा हे ठरवताना कोणी त्याची भाषा बघत नाही, धर्म बघत नाही. तो मोकळा आहे का आणि गोलाच्या दिशेने तोंड करून आहे का, एवढेच बघतात. आपल्यासारख्या मिश्र भाषेच्या आणि थोड्या ख्रिस्ती घरांच्या तालुक्यात हे रोज आठवावे असे आहे.

आगमनकाळाची पूर्वसंध्या

आधीची आठ वर्षे ध्यानात घ्या. १९४८ साली लंडनला भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यात हरले. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. पायात बूट नसण्याची किंमत तिथल्या थंडीत कळली. अशा संघाकडून चार वर्षांनी कोणी काय अपेक्षा ठेवणार?

मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीशी गाठ होती. पण हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे शिरले आणि तो संघ आलाच नाही. पुढची लढत यजमान ऑस्ट्रेलियाशी. तारीख १ डिसेंबर १९५६, वार शनिवार. आम्ही जुने पंचांग पडताळून पाहिले. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार २ डिसेंबरला होता. म्हणजे हा सामना आगमनकाळाच्या पूर्वसंध्येला झाला.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. विश्रांतीपूर्वी पुन्हा मॉरो. २-२. दोनदा आघाडी घ्यावी आणि दोनदा ती हातची जावी, यासारखी मन खचवणारी गोष्ट नाही. पण विश्रांतीनंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. शेवटची दहा मिनिटे उरली असताना जे. कृष्णस्वामी, ज्यांना सारे 'किट्टू' म्हणत, त्यांनी चौथा केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे आशियातले पहिले फुटबॉलपटू ठरले. वय चोवीस. आणि हा विजय काही नशिबाचा खेळ नव्हता. ऑलिंपिक आटोपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत त्याच ऑस्ट्रेलियाला भारताने ७-१ असे हरवले.

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. त्या दिवशी जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला, उपान्त्य सामना होता, पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी. उत्तरार्धात पहिला गोल भारताचा, आणि तोही नेव्हिल यांचाच. चार वर्षांपूर्वी दहा गोलांनी चिरडलेला संघ आता पुढे होता. काही मिनिटे तरी भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. पण आघाडी टिकली नाही. युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा जिंकला. ७ डिसेंबरला कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला, तोही ३-० असा गेला.

चौथा क्रमांक. पदक नाही. स्पर्धेत नेव्हिल यांचे एकूण गोल चार, आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव.

त्यानंतर

१९६० च्या रोम ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, त्यात नेव्हिल डिसोझा नव्हते. रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला आजवर पात्र ठरलेला नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नचे त्यांचे सोबती पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम यांना तो मिळाला, नेव्हिल यांना मिळाला नाही. १६ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

रहीम साहेबांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या संघात बार्देशचेच, कोलवाळचे, फॉर्च्युनाटो फ्रँको होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कॅन्सरने रहीम साहेब गेले. त्यांच्यावरचा 'मैदान' हा चित्रपट २०२४ साली आला, तेव्हा कुठे आपल्या तरुणांच्या कानांवर ही नावे पडली.

मुलांना इंग्लंडचे इतके वेड, म्हणून त्याच काळातल्या एका इंग्रज व्यावसायिक खेळाडूची गोष्टही सांगतो. इंग्लंडमध्ये १८८५ सालापासून पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी होती. पण एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा याची मर्यादा होती, आणि १९६१ साली ती उठली तेव्हा ती आठवड्याला फक्त २० पौंड होती. टॉम फिनी हे त्या काळातले इंग्लंडच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. गाव प्रेस्टन. या नावाचा मूळ अर्थच 'धर्मगुरूंचे गाव' असा आहे. ते इंग्लंडकडून ७६ सामने खेळले आणि ३० गोल केले. आणि बरोबरीने नळजोडणीचा धंदाही करत. हो, पान्हा घेऊन लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करणारे. १९५२ साली इटलीतल्या पालेर्मोच्या क्लबने त्यांना मोठी रक्कम देऊ केली. प्रेस्टनच्या क्लबने सोडले नाही. ते राहिले. सारी कारकीर्द त्या एका क्लबसाठी खेळले. १९५३ साली क्लबचे लीगचे विजेतेपद गोलांच्या सरासरीवर हुकले, १९५४ साली चषकाचा अंतिम सामना हरले. १९६० साली निवृत्त झाले तेव्हा एकही मोठा चषक त्यांच्या नावावर नव्हता. तरी २०१४ साली ते गेले तेव्हा सारे प्रेस्टन शोकात बुडाले.

मागच्या ओळीतल्या मुलाला

बाळा, तू विचारलेस, चौथा आला तर काय मिळाले.

आपल्या विश्वासात शर्यतीची उपमा नवी नाही. संत पौल यांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय काढून वाच. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर देवदाराच्या जातीच्या झाडाच्या पानांचा मुकुट घालत, काही काळ तर तो वाळलेल्या भाजीच्या पाल्याचा असे. दोन दिवसांत सुकून जाणारा. पौल तिथल्या लोकांना न सुकणाऱ्या मुकुटाविषयी सांगतात. आणि म्हातारपणी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच्या धावण्याचा हिशेब देतात, तेव्हा आपण कितवे आलो हे सांगत नाहीत. धाव पूर्ण केली आणि विश्वास राखला, एवढेच सांगतात.

मत्तयच्या शुभवर्तमानातला थैल्यांचा दाखला तुला पाठ आहे. एकाला पाच थैल्या मिळाल्या, त्याने पाच कमावल्या. दुसऱ्याला दोन मिळाल्या, त्याने दोन कमावल्या. धनी परत आल्यावर दोघांना काय म्हणाला ते एकमेकांशेजारी ठेवून वाच. शब्द तेच आहेत. पाचवाल्याला जास्त शाबासकी नाही, दोनवाल्याला कमी नाही. रागावला तो फक्त त्याच्यावर, ज्याने भीतीने आपली थैली पुरून ठेवली. तू दोन रविवार घरात बसलास, तेव्हा तुझे पाय पुरून ठेवलेस.

आणि एक चौथ्या क्रमांकाचा संत सांगतो. मार्कच्या शुभवर्तमानात प्रेषितांची नावे दिली आहेत : पेत्र, याकोब, योहान आणि मग चौथे अंद्रेया. डोंगरावर प्रभूचे रूप पालटले तेव्हा त्याने तिघांना सोबत नेले. गेथसेमानी बागेत प्रार्थनेला तिघांना जवळ घेतले. अंद्रेया त्या तिघांत नव्हते. खरे तर आपला भाऊ पेत्र याला प्रभूकडे प्रथम आणणारे तेच. पाच भाकरी आणि दोन मासे असलेल्या मुलाला प्रभूसमोर उभे करणारेही तेच. फुटबॉलच्या भाषेत बोलायचे तर पास त्यांचे, गोल दुसऱ्यांचे. त्यांनी कधी कुरकुर केल्याचे शुभवर्तमानात एका शब्दाने नाही. त्यांचा सण ३० नोव्हेंबरला येतो, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार कायम त्यांच्याच सणाच्या सर्वांत जवळचा असतो. वर्षभराच्या उपासनेचे दार एका चौथ्या क्रमांकाच्या प्रेषिताजवळ उघडते.

आमची चूक

हे सगळे लिहिताना एक गोष्ट आम्हाला टोचते आहे, ती कबूल करतो. चर्चच्या सणाला आम्ही मुलांच्या शर्यती घेतो. इतकी वर्षे यादी आम्हीच करत आलो. पहिला, दुसरा, तिसरा. तिघांची नावे माइकवर, तिघांना स्टीलचा डबा. बाकीची मुले घामाघूम होऊन गर्दीत मिसळून जात. त्यांची नावे आम्ही कागदावरही लिहून घेतली नाहीत. रविवारी दाखला शिकवायचा थैल्यांचा आणि सणाला हिशेब करायचा जगाचा. मग मुलगा चौथा आल्यावर तोंड लपवतो, त्यात नवल काय? ते आम्हीच शिकवले.

यंदापासून जो धाव पूर्ण करील त्या प्रत्येकाचे नाव वाचले जाईल, असे ठरवले आहे. डबे तीनच असतील, कारण वर्गणी तेवढीच जमते. पण नावे सगळी वाचू.

पालकांनाही एक विनंती. दहावीचा निकाल असो की खेळाचा, मूल घरी आले की पहिला प्रश्न कितवा आलास हा नको. आधी पाणी द्या. मग पळताना कसे वाटले ते विचारा.

तो मुलगा परवा सकाळी चर्चच्या मागच्या पाणंदीने पळताना दिसला. अनवाणी, काळ्या मातीतून. आम्ही हाक मारली नाही, त्याची लय मोडली असती. आगमनकाळाच्या हारातली चौथी मेणबत्ती यंदा त्याने लावावी, असे आम्ही ठरवले आहे. पहिल्या तीन पेटून बरीच उतरलेल्या असतात. चौथी लागते तेव्हा नाताळ अगदी दाराशी आलेला असतो.

प्रार्थना करू या :

हे प्रभू, तू आम्हाला दिलेले पाय, हात आणि बुद्धी आम्ही भीतीने पुरून ठेवू नये असे कर. पुढे असताना आम्हाला नम्र ठेव, मागे पडलो तर धावत ठेव. ज्यांची नावे जग विसरले, ती तुझ्या पुस्तकात आहेत हा भरवसा आमच्या लेकरांना दे. नेव्हिल डिसोझा, रहीम साहेब आणि आपले काम निष्ठेने करून गेलेल्या सर्वांना तुझ्याजवळ विसावा दे. आमेन.